लाल कमान हानलेची, गच्ची ठाण्याची

१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानलेहून उत्तर क्षितिजावर लाल उजेड टिपला गेला. तेव्हापासून सूर्यावर मोठा स्फोट झाला की आमच्या ठाण्यातल्या आकाश बघणाऱ्यांच्या ग्रुपवर एकच प्रश्न येतो: आपल्याकडून दिसेल का? नाही दिसणार.

अशा उजेडाचा एक प्रकार म्हणजे स्थिर लाल कमान, आकाशात पूर्व-पश्चिम पसरलेला मंद लाल पट्टा. ती साधारण ४०० किमी उंचीवर असते. एवढ्या उंचीवरची गोष्ट क्षितिजाला टेकलेली दिसायलासुद्धा ती २,२०० किमीच्या आत हवी, म्हणजे सुमारे २० अक्षांश उत्तरेपर्यंत. हानलेहून ही हद्द ५३ अंशांपर्यंत जाते, ठाण्याहून जेमतेम ३९ पर्यंत. त्यात आपल्या उत्तरेला भिवंडीचा उजेड आणि खाडीवरची दमट हवा. ४ फेब्रुवारी १८७२ ला मुंबईतून अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, दिसल्याची नोंद आहे खरी, पण तसं सौर वादळ फारच विरळा.

ही कमान अरोऱ्याहून वेगळी. १९५६ मध्ये फ्रान्समध्ये डॅनियल बार्बिए यांनी ती प्रथम ओळखली. अरोऱ्यात वरून वेगाने येणारे कण हवेवर आदळतात. इथे वादळात पृथ्वीभोवतीचा वलयप्रवाह, म्हणजे विद्युतभारित कणांचं कडं, फुगतो, त्याची उष्णता चुंबकीय रेषांवरून खाली झिरपते आणि आयनोस्फिअरमधले, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातले, इलेक्ट्रॉन ३,००० केल्विनच्या वर तापतात. त्यांची सरासरी ऊर्जा अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (ऊर्जेचं एकक) आसपासच असते. ऑक्सिजनच्या ६३० नॅनोमीटरच्या लाल रेषेला १.९६ लागतात, हिरवीला ४.१७. मोजके जास्त तापलेले इलेक्ट्रॉनच लाल रेषेपर्यंत पोचतात, म्हणून कमान निव्वळ लाल. उत्तेजित अणूला उजेड सोडायला सुमारे ११० सेकंद लागतात. २०० किमीच्या खाली तेवढ्यात नायट्रोजनची टक्कर होऊन ऊर्जा हिरावली जाते.

हानलेला जाणार असाल तर १४ ते २४ मिमीची लेन्स, एफ २.८, आयएसओ ३२०० ते ६४००, १५ सेकंद, रॉ फाइल. व्हाइट बॅलन्स ४,००० केल्विनवर पक्का करा. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा लाल रंग धुऊन टाकतो. जादा बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, नाहीतर थंडीत तासाभरात बसतात. डोळ्यांना बहुधा काहीच दिसणार नाही, म्हणून दर पाच मिनिटांनी उत्तरेची एक फ्रेम घेत राहा. उभे झोत दिसले तर तो अरोरा. एकसारखा, मऊ कडांचा पट्टा पूर्व-पश्चिम पसरून टिकला तर कमान.

ठाण्याच्या गच्चीवरून आकाशातला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, मात्र खरोखर तपासता येतो, आणि मला हे कमानीइतकंच मोलाचं वाटतं. सूर्यास्तानंतर चुंबकीय विषुववृत्तावर प्लाझ्माचे विरळ बुडबुडे वर उठतात आणि आपल्यापर्यंत पसरतात. कोल्हापूरला आकाशाकडे रोखलेले कॅमेरे हेच बुडबुडे त्याच ६३० नॅनोमीटरमध्ये काळ्या पट्ट्यांसारखे टिपतात. बुडबुड्यातून येताना उपग्रहाचा सिग्नल डळमळतो, म्हणून आपल्याला फोन पुरतो.

सॅटेलाइटची सिग्नलताकद दाखवणारं कुठलंही मोफत ॲप घ्या. मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री ८ ते १२, फोन पाण्याच्या टाकीपासून लांब, सपाट ठेवा. हातात धरू नका. दक्षिणेकडचे उपग्रह आधी बघा. एरवी ४० डीबी-हर्ट्झच्या (सिग्नलताकदीचं एकक) आसपास शांत असलेला आकडा काही सेकंदांत १० ने पडून पुन्हा उसळत राहिला, शेजारच्या दिशेचे उपग्रह स्थिर असतील, तर संशय घ्यायला जागा आहे.

पण समोरच्या टॉवरवरून परतलेला सिग्नलही असाच हलतो. म्हणून दुसऱ्या रात्री तोच जीपीएस उपग्रह ४ मिनिटं आधी बघा, तेव्हा तो त्याच जागी असतो. पुन्हा तसाच डळमळला तर दोष बहुधा इमारतीचा. शांत राहिला तर आदल्या रात्री बहुधा आयनोस्फिअर ढवळलेलं होतं. वादळाच्या रात्री बुडबुडे हमखास वाढतात असं मात्र धरू नका. वादळाचा मुख्य टप्पा आपल्या संध्याकाळी आला तर ते उसळू शकतात, इतर वेळी वादळ त्यांना दाबूनही टाकतं. म्हणून नोंदीत तारीख आणि भारतीय वेळ दोन्ही लिहा. वादळाचे आकडे जागतिक वेळेत असतात, साडेपाच तास मिळवूनच ताडून बघा.