हळद नको, डाळिंब हवं

सांगलीत राहून कापड रंगवायचं म्हटलं की सगळे हळदच सुचवतात. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आमची हळद रंगते झकास, पण उन्हात विटते, साबण लागला की लालसर होते. म्हणून नव्या ओढणीसाठी मी आटपाडीच्या डाळिंबांच्या साली घेतल्या. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलं, मग तुरटीत. सालींच्या उकळत्या पाण्यात हळूहळू मातकट पिवळा चढत गेला. काठाला गूळ आणि गंजक्या खिळ्यांचं आंबवलेलं पाणी ब्रशनं लावलं. हिरड्याशी गाठ पडताच तिथे राखाडी, मग जवळजवळ काळा उमटला! आईच्या मते काठ फार रुंद झालाय. मला तसाच हवाय. पुढची ओढणी विट्याच्या यंत्रमागावरच्या कोऱ्या कापडाची. त्यातली खळ मात्र आधी नीट काढावी लागेल.