आधीची दुरुस्ती उतरवताना

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एका काकांनी जुन्या सामानात बॅली कंपनीचं पिनबॉल मशीन (काचेखाली स्टीलचा चेंडू उडवत स्कोअर करायचा खेळ) घेतलं, 1980 च्या सुमाराचं. माझं रोजचं काम इन्व्हर्टर आणि टीव्हीच्या बोर्डांचं. पण आत मोटोरोलाचा 6800 प्रोसेसर आहे म्हटल्यावर मला नाही म्हणवेना.

मागची पेटी उघडली तर बोर्डाचा एक कोपरा हिरवा-निळा पडलेला. बंद मशीनमध्ये स्कोअर टिकावेत म्हणून या बोर्डावरच 3.6 व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळली की आतला पोटॅशियम हायड्रॉक्साइड ट्रॅकवरून, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांवरून, पसरतो, हिरव्या थराच्या खालूनही. रीसेटचं सर्किट नेमकं तिच्या शेजारी. ते खाल्लं गेलं की प्रोसेसर सुरूच होत नाही.

एवढं मी धरूनच चाललो होतो. संताप आला तो आधीच्या दुरुस्तीचा. कुणीतरी गंजावरच सोल्डरचे डाग दिले होते, राखाडी, गोळा झालेले, नखाने ढकलले तरी हलणारे. तुटलेल्या ट्रॅकच्या जागी टेलिफोनची वायर, वरून गोंदाचा जाड थर. गोंद खरवडला तेव्हा दिसलं, एक वायर शेजारच्या पिनला लागली होती आणि रीसेटची लाइन थेट ग्राउंडला गेली होती!

अशा बोर्डावर आधीचं सगळं उतरवल्याशिवाय मी दोष शोधत नाही. दुसऱ्याच्या अंदाजावर आपला अंदाज रचत बसलं की दिवस फुकट जातो. वायरी, सॉकेट, गंजलेले रेझिस्टर काढले. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून टूथब्रशने घासलं, साध्या पाण्याने धुतलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवलं. तांबं लख्ख दिसेपर्यंत सोल्डरला हात लावला नाही. जिथे ट्रॅक उरलाच नव्हता तिथे बारीक तार टाकली, मूळ ट्रॅकच्याच वाटेने, बोर्डाला चिकटून.

टेबलावर 5 आणि 12 व्होल्ट दिले. बोर्डावरचा एलईडी क्षणभर लुकलुकला, मग एकेक चाचणी पार करत सहा वेळा चमकला. काका शेजारीच उभे होते.

"सात व्हायला हवेत म्हणाला होतास ना रे?"

"हो काका, सातव्याला सॉलेनॉइडचे, म्हणजे चेंडू उडवणाऱ्या कॉइलचे, 43 व्होल्ट लागतात. ते मशीनमध्येच मिळतील."

बोर्ड बसवण्याआधी फ्यूज पाहिले ते फार बरं झालं. सॉलेनॉइडच्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून लावली होती. म्हणजे फ्यूज सारखा उडत असणार, आणि तो का उडतो हे कुणी पाहिलं नव्हतं. कॉइल चालवणाऱ्या ड्रायव्हर बोर्डावरचा एक ट्रान्झिस्टर पूर्ण शॉर्ट निघाला, त्याची कॉइल जळून काळी. घरात मुलं खेळणार त्या मशीनमध्ये असा प्रकार करणं मला अक्षम्य वाटतं. कॉइल, तिचा डायोड आणि ट्रान्झिस्टर बदलले (टीआयपी-102 चालतो), योग्य फ्यूज घातला. मग एलईडी सातव्यांदा चमकला!

बॅटरी पुन्हा लावली नाही. तिच्या जागी 1 फॅरडचा कपॅसिटर आहे. मशीन फार काळ बंद राहिलं तर स्कोअर पुसले जातील, हे काकांना सांगितलं आणि त्यांना ते चाललं. कुठली तार कुठून कुठे नेली ते कागदावर लिहून मागच्या पेटीत आतून चिकटवलंय. दोन डिस्प्ले अजून मंद आहेत, ते पुढच्या आठवड्यात दुरुस्तीला काढणार आहे.