मातारान्याच्या खोऱ्यात, दुसऱ्यांच्या रस्त्यांवरून

शुक्रवार रात्र, क्रेतास

स्पेनमधल्या तोर्तोसापासून आज सायकलने ज्या वाटेने आलो ती मुळात आगगाडीची. ला पुएब्ला दे इखारहून निघून समुद्राकडे जाणारा हा वाल दे थाफानचा लोहमार्ग. १८९५ मध्ये गाडी अल्कान्यिथला पोचली, पण तोर्तोसा गाठायला १९४२ उजाडलं. मध्ये एक अख्खं यादवी युद्ध होऊन गेलं. एब्रो नदीची लढाई १९३८ च्या जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत याच टेकड्यांत चालली होती. रूळ खरं तर सांत कार्लेस दे ला रापिताच्या बंदरापर्यंत न्यायचे होते, तेवढं काही जमलं नाही. १९७३ मध्ये एक बोगदा ढासळला आणि तोट्यातला मार्ग कायमचा बंद झाला. अशा बंद पडलेल्या लोहमार्गांवरून पायी आणि सायकलने जाता यावं म्हणून स्पेनने १९९३ मध्ये योजना सुरू केली. आज त्यातून ३००० किलोमीटरच्या वर वाटा झाल्या आहेत.

बार्सेलोनात राहायला आल्यापासून हा मार्ग मनात होता. आगगाडीला चढ झेपत नाही, त्यामुळे तो आखणाऱ्यांनी डोंगर पोखरले, दऱ्यांवर पूल टाकले, पण चढ काही वाढू दिला नाही. तोर्तोसा समुद्रसपाटीच्या जवळ, क्रेतास पाचशे मीटरच्या वर. एवढं चढून आलो, पण मांड्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. सुरुवातीला उजव्या हाताला एब्रो, संथ आणि रुंद. मग वाट नदीची साथ सोडून कानालेतेसच्या घळीत शिरते आणि बोगदे सुरू होतात. एकातून बाहेर पडावं, डोळे उन्हाला सरावायच्या आत पुढचा. आतली हवा गार, छतातून ठिबकणारं पाणी मानेवर पडतं. मध्येच उघड्या तुकड्यात खाली फोंतकाल्दाचं देवस्थान दिसलं, आणि समोर एल्स पोर्त्स डोंगरांचे करडे कडे.

आर्नेस-ल्येदोच्या जुन्या स्टेशनाजवळ अल्गार्स नदी ओलांडली. इथे कातालोनिया संपून आरागोन लागतो. चाकांखालचा गुळगुळीत थर जाऊन मुरूम आला, टायरचा आवाज बदलला. उद्यापासून आगगाडीची वाट सोडून शेतांतल्या रस्त्यांना लागायचं. पुढच्या चाकातली हवा थोडी कमी करून ठेवली आहे.

शनिवार रात्र, वाल्देरोब्रेस

मातारान्या ही एब्रोला मिळणारी छोटी नदी, साधारण शंभर किलोमीटरची. तिच्या नावाच्या तालुक्यात १८ गावं, आणि सगळी मिळून माणसं जेमतेम आठ-साडेआठ हजार. तेरुएल जिल्हाच विरळ वस्तीचा. सकाळी क्रेतासमधून निघालो तेव्हा बेकरीपुढे दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या. ‘बोन दिया’ म्हणाल्या, मीही म्हणालो. त्यानंतर तासभर माणूस दिसलं नाही.

इथले रस्ते नकाशावर बघितले तर पानावरच्या शिरांसारखे दिसतात, आणि गंमत म्हणजे बहुतेक कुठेच ‘पोचत’ नाहीत. एखादा ऑलिव्हच्या बागेत जाऊन थांबतो, एखादा बदामाच्या पट्ट्याला वळसा घालून परत फिरतो. कारण सरळ आहे. ते शेतावर जायला केलेले आहेत. सायकलवाल्यांनी नंतर त्यांचे तुकडे जोडून आपले मार्ग बनवले. कागदावर सुंदर वळण घेणारी रेघ प्रत्यक्षात कुणाच्या तरी रोजच्या कामाचा रस्ता असते. ते समजून घेतलं की इथलं सायकल चालवणंच वेगळं होतं.

नोव्हेंबर म्हणजे ऑलिव्हच्या तोडणीचा काळ. इथली जात एम्पेल्त्रे, पिकली की काळी होते. ला फ्रेस्नेदाच्या अलीकडे एका वळणावर रस्त्यावरच हिरवी जाळी अंथरलेली दिसली. झाडं अगदी कडेला, त्यामुळे अर्धी फळं रस्त्यावरच पडणार. एक आजोबा लांब दांड्याचा फणी असलेला यांत्रिक हात घेऊन फांद्या हलवत होते, त्यांची सून की मुलगी जाळीतून डहाळ्या वेचत होती. मी उतरून उभा राहिलो.

“थांबलास ते बरं केलंस,” आजोबा म्हणाले. “परवा एक जण जाळीवरून तसाच गेला. फळ चिरडलं की तेल बिघडतं.”

मी म्हटलं, “तुमचं होऊ दे, मला घाई नाही.”

त्यांना घाई होती, रात्रीपर्यंत माल घाण्यावर पोचवायचा होता. फळ पोत्यात पडून राहिलं की आंबायला लागतं. तरी जाळी गुंडाळेपर्यंत बोलत होते. हा रस्ता दर शरद ऋतूत तेच नीट करतात, ट्रॅक्टरला मागे माती सपाट करायची पाटी लावून. पाऊस जोराचा झाला की मधोमध चर पडतो, मग पुन्हा पाटी. पलीकडच्या टेकडीवरच्या मळ्याचा मालक वारला, मुलगा थारागोथा शहरात नोकरीला. “तिकडून जाऊ नकोस,” म्हणाले, “नकाशात रस्ता असेल. तिथे नाही.”

मी गेलो. त्यांच्यावर अविश्वास नव्हता, मला ती जागा डोळ्यांनी बघायची होती. आजोबांची हद्द कुठे संपते ते दगड न रोवताही कळलं. तिथवर खडी दाबलेली, कडेचं गवत कापलेलं. पुढे दोन चाकोऱ्या, मग एकच, मग रोझमेरी आणि काटेरी झुडपं गुडघ्याच्या वर. सायकल खांद्यावर घेऊन मळ्यापर्यंत गेलो. घराचं छप्पर बसलेलं, भिंती मात्र ताठ. पुढ्यात फरसबंदी खळं, गोल, दगड अजून घट्ट. टेकडीवर खालपर्यंत गडग्यांच्या रांगा, मातीचा किंवा चुन्याचा कणही न वापरता रचलेले. एका गडग्यापाशी बराच वेळ बसलो. प्रत्येक मोठ्या दगडाच्या फटीत बोटाएवढ्या चिपा ठोकलेल्या, मागे बारीक भर, म्हणजे पाणी झिरपून जाईल आणि भिंत फुगणार नाही. ही कोरडी दगडरचना २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, स्पेनसह आठ देशांच्या नावावर. पण इथल्या या भिंतीला यंदाच्या पावसात भगदाड पडलं आहे, आणि ते बुजवणारं माणूस थारागोथात आहे. मला याचं फार वाईट वाटलं. सुंदर पडझड म्हणून फोटो काढावासा वाटला नाही.

दुपारनंतर तास्ताविन्स नदीवरचा ला पोर्तेयादाचा धबधबा. पाणी कमी होतं, पण वीसेक मीटरचा सरळ कडा आणि खाली हिरवा डोह. त्याच्या अलीकडे चिखलाने चांगलंच थोपवलं. इथली चिकणमाती ओली असली की टायरला चिकटते, त्यावर खडे चिकटतात, आणि चाक फ्रेममध्येच अडकतं. काडीने खरवडत खरवडत पुढे. ज्यांना यायचं आहे त्यांच्यासाठी: पाऊस झाल्यावर एक-दोन दिवस इथे शेतरस्ते सोडून आगगाडीच्या वाटेनेच जावं. चिखलात गेलेल्या चाकाची चाकोरी वाळून दगडासारखी होते, आणि ती मोडायला पुन्हा ट्रॅक्टरच लागतो.

वाल्देरोब्रेसच्या वाटेवर गिधाडं दिसली. आधी दोन, मग मोजणं सोडून दिलं. वरच्या गरम हवेवर पंख न हलवता चढत होती, एक तर इतक्या खालून गेलं की पिसांतून हवा कापल्याचा आवाज ऐकू आला. या गावाजवळ गिधाडांना खाद्य घालण्याची जागा आहे, तिथे सकाळी शेकड्यांनी उतरतात. मी रस्त्याच्या कडेला सायकल आडवी टाकून मान दुखेपर्यंत बघत राहिलो.

आपल्याकडे गिधाडं गेली ती माझ्या लहानपणातच. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली, आणि १९९० च्या दशकात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ संपली. भारताने २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. आणि युरोपातली बहुतांश गिधाडं ज्या देशात आहेत त्या स्पेनने २०१३ मध्ये तेच औषध गुरांसाठी मंजूर केलं. हे मला अजिबात समजत नाही. वापरावर निर्बंध आहेत, मेलेली जनावरं कुठे टाकायची याचे नियम आहेत, हे मान्य. पण ज्याने रिकामं आकाश बघितलं आहे त्याला असला धोका पत्करवत नाही. सुरक्षित पर्याय आहे, मेलॉक्सिकॅम. तो वापरावा, एवढंच.

संध्याकाळी दगडी पुलावरून वेशीतून गावात शिरलो. किल्ला, चर्च, खाली नदी. जेवायला भाजलेल्या पावावर नवीन हंगामाचं तेल, तेरुएलच्या हॅमची ताटली. तेल घशाला किंचित झोंबतं. आजोबांची जाळी आठवली.

रविवार दुपार, बेथेइते

सकाळी पेना नदीकडच्या जंगलातून जायचं ठरवलं होतं. रस्त्याच्या तोंडालाच पाटी: रानडुकरांची शिकार चालू आहे. नारिंगी जाकिटं घातलेले दोघे-तिघे गाडीपाशी उभे. हिवाळ्यात रविवारी हे असणारच. एकाने मोबाईलवर नकाशा उघडून दाखवला, दुपारपर्यंत कुठला भाग बंद आणि कुठला मोकळा. त्याने सांगितलेल्या वाटेने नदीकाठाने बेथेइतेला आलो. लांब पडलं, पण वाट मस्त होती, पॉप्लरची पिवळी पानं चाकाखाली आणि पाणी कायम कानावर.

बेथेइतेला या पाण्यावर एके काळी कागदाच्या गिरण्या चालत. जुन्या इमारती अजून नदीला चिकटून उभ्या आहेत, खिडक्यांच्या लांबच लांब रांगा असलेल्या. वरच्या मजल्यांवर ओला कागद वाळत घालत, त्यासाठी एवढा वारा लागायचा. गावाच्या वर एल पारिथाल, मातारान्याच्या उगमाकडची घळ. तिथे लाकडी पदपथावरून पायीच जायचं असतं. सायकल खाली बांधून थोडं वर जाऊन आलो. पाणी इतकं स्वच्छ की खोली कळत नाही.

अल्कान्यिथकडची बाजू या फेरीत राहिली. तिकडे वाल्देआल्गोर्फाजवळ दोन किलोमीटरहून लांब, नाकासमोर सरळ बोगदा आहे, आणि विषुवदिनांना उगवता सूर्य त्याच्या आरपार दिसतो. मार्चमध्ये जमवायचं, सुट्टी टाकून.

आत्ता कॉफीवर बसून ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या नकाशावर काम केलं. त्या मळ्याकडचा रस्ता ‘सायकलला अयोग्य, झाडोऱ्याने बुजलेला’ म्हणून नोंदवला. ला पोर्तेयादाच्या अलीकडच्या चिकणमातीच्या तुकड्याला पृष्ठभागाची नोंद टाकली. माझ्या मार्गाची फाईल सायकल क्लबमधल्यांना पाठवणार आहे, त्यात आजोबांच्या वळणाशी लिहिलं आहे: नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तोडणी चालते, जाळी दिसली की उतरा आणि वाट बघा. आता तोर्तोसाची परतीची वाट, सगळा उतार. गाडी संध्याकाळची आहे.