तुम्ही विचारलंत म्हणून: ऑडिओबुक का ऐकत नाही

"एवढी वाचतेस, मग ऑडिओबुक का नको?" ऑफिसात, भिशीत, रंकाळ्यावर फिरताना, सगळीकडे हेच. वर लिंक पाठवतात. त्यामुळे एकदाच सांगते.

ऐकत नाही असं नाही, ऐकलीत. एका ग्रामीण कादंबरीत आमच्या कोल्हापूरकडची पोरगी "येतो की" म्हणते, तर वाचणाऱ्यानं ते सुधारून "येते" केलं. अरे, आमच्यात बायका तसंच बोलतात, मी घरी आजही "जातो" म्हणते. पण हे कारण खरं नाही, हे मी लोकांना सांगायला ठेवलंय.

अण्णांना काचबिंदू. त्यात गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत आम्हाला माहीत नव्हतं. करवीर नगर वाचन मंदिराचे जुने मेंबर, 1850 सालचं वाचनालय म्हणून अभिमान असा की जणू यांनीच काढलं. त्यांच्याच कार्डावर मी बारावीत एक पौराणिक कादंबरी आणून रात्रभर वाचली होती. तीच ऑडिओत मिळाली म्हणून मोठ्या कौतुकानं मोबाईलवर लावून दिली.

पाचच मिनिटांत "राजाला जरा आली" असं वाक्य आलं. जरा म्हणजे म्हातारपण, त्यातला ज 'जय'मधला. वाचणाऱ्या बाईंनी 'जवळ'मधला वाचला. लिपीत दोन्हीला एकच अक्षर आहे, मान्य, पण अर्थ कळला की ज आपोआप कळतो ना! अण्णा म्हणाले, "जरा आली म्हंजे किती आली गं?" आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग म्हणाले, "बंद कर ते. तू वाच." मी म्हटलं, अण्णा, साडेनऊ झालेत, शिरोलीला पोचायचंय, संध्याकाळी वाचते. आणि चार्जर लावून, आवाज वाढवून गेले.

सातला आले तर चालूच.

शेजारच्या काकू दुपारी चहा देऊन गेल्या, त्यांना वाटलं मजेत ऐकतायत. अण्णा खुर्चीत ताठ बसलेले, मोबाईल उलथा मांडीवर, त्याच्या काचेवर सगळीकडे बोटांचे ठसे. "बटनच सापडंना," एवढंच म्हणाले. बटण असतं कुठे त्या मोबाईलला.

आता म्हणाल यात ऑडिओबुकचा काय दोष. नाही, पण त्या ज चा आहेच, ते मी सोडणार नाही. पण काकूंना हाक मारा म्हणून सांगून जायचं मला सुचलं नाही, याचा राग मी त्या बाईंवर काढते, हेही मला कळतं.

मग रोज रात्री मी वाचायला लागले. आणि ती कादंबरी, जिच्यासाठी मी बारावीत झोप घालवली, ती मोठ्यानं वाचताना इतकी पोकळ लागली! दासीपासून ऋषीपर्यंत सगळे सुविचारच बोलतात. बारावीतली मी असते तर भांडली असती, पण तिला कुणाला ऐकवायचं नव्हतं. मी पानं गाळायला लागले.

सातव्या भागाशी अण्णांनी थांबवलं. "हे झालंय. धाव्वं काढ."

"कधी झालं?"

"त्या बाईनं वाचलंय की. बरं वाचती ती, ज सोडला तर."

दहावा अजून अर्धाच झालाय. लिंक पाठवू नका.