तुम्ही विचारलंत म्हणून : आपल्याकडे सगळेच सावळे, मग वेगळी सोसायटी कशाला?

मराठवाड्यातल्या मेडिकल कॉलेजांत त्वचारोगात एमडी करणारी मुलं-मुली आणि बीड, परभणी, हिंगोलीकडे नुकतंच क्लिनिक थाटलेले डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या सोसायटीचं सभासद होऊन आम्हाला काय मिळणार? अमेरिकेत गोऱ्या पेशंटची गर्दी, तिथं अशी सोसायटी लागत असेल. आमच्या ओपीडीत सकाळपासून रांग लागते ती सावळ्यांचीच. जे रोज बघतो ते सोसायटीकडून काय शिकायचं?

प्रश्न रास्त आहे. पण रोज बघणं आणि दिसणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर आपल्या शिक्षणातून आलंय. आपण ज्या जाड ग्रंथांवर परीक्षा दिल्या, त्यांतले बहुतेक फोटो गोऱ्या त्वचेचे. सोरायसिस म्हणजे ‘लाल चट्टा, वर चंदेरी पापुद्रा’ हे पाठ झालेलं असतं. जालन्याहून आलेल्या सावळ्या बाईच्या पाठीवर तोच सोरायसिस जांभळट किंवा तपकिरी दिसतो, पापुद्रा राखाडी दिसतो, आणि डोळा लाल शोधत राहतो. सोरायसिसची तीव्रता मोजायची पासी पद्धत घ्या. तिच्यात लालीला ० ते ४ गुण आहेत. सावळ्या त्वचेत लाली झाकली जाते, गुण कमी पडतात, आजार प्रत्यक्षापेक्षा सौम्य वाटतो आणि उपचार सौम्यच राहतो. नुसते सावळे पेशंट भरपूर आहेत म्हणून ही चूक सुटत नाही. शेजारी बसून ‘इथं रंग सोड, बोट फिरवून जाडी बघ, कड चाचप’ असं कुणीतरी सांगावं लागतं. सोसायटीचं पहिलं काम हेच.

त्वचेचे प्रकार पाडायला फिट्झपॅट्रिक यांचं वर्गीकरण सगळे वापरतात. ते १९७५चं. ऊन लागल्यावर त्वचा भाजते की रापते, एवढ्यावर त्याची उभारणी आहे, आणि तपकिरी व काळ्या त्वचेचे पाचवा-सहावा प्रकार त्यात नंतर जोडले गेले. गेवराईच्या ऊसतोड कामगाराला ‘उन्हात तुमची कातडी लाल होते का’ असं विचारून बघा. तो ‘काळी पडते’ म्हणेल, आणि त्याच्या परीनं ते पूर्ण उत्तर आहे. मेलॅनिन म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या-काळ्यांत जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो मेलॅनिनच्या पिशव्यांचा आकार आणि त्यांची मांडणी यांत. म्हणून आपल्याकडे मुरुम, डास चावणं, मेणाचं वॅक्सिंग, चुकीचं मलम, काहीही झालं तरी मागे काळा डाग उरतो. पेशंट मूळ आजारापेक्षा त्या डागासाठी जास्त वेळा येतो.

लेसरमध्ये तर चूक लगेच अंगावर येते. केस कमी करण्यासाठी ७५५ नॅनोमीटरचं अलेक्झांड्राइट गोऱ्या त्वचेवर उत्तम चालतं, पण ती तरंगलांबी वरच्या थरातलं मेलॅनिनही शोषून घेतं. आपल्याकडच्या गडद त्वचेला १०६४ नॅनोमीटरचं लाँग पल्स्ड एनडी-याग जास्त सुरक्षित, कारण ते खोल जातं आणि वरच्या मेलॅनिनला कमी छेडतं. एवढं पुस्तकातही मिळतं. मशीनसोबत येणाऱ्या तक्त्यात मात्र फिट्झपॅट्रिकचा ‘टाइप चार’ एवढंच छापलेलं असतं. जानेवारीत गाल दाखवायला आलेली मुलगी आणि एप्रिलभर शेतात राबून आलेली तीच मुलगी यांना तो तक्ता एकच समजतो. अनुभवी सभासदांच्या चर्चेतून बारकावे कळतात : रापलेल्या त्वचेवर लेसर पुढं ढकला, ऊर्जा खालून सुरू करा, पल्स लांब ठेवा, थंडावा कधीच वगळू नका, आधी कानामागं किंवा जबड्याखाली छोट्या जागेवर लेसर मारून बघा, म्हणजे टेस्ट स्पॉट मारा. त्या टेस्ट स्पॉटचा निकाल दुसऱ्या दिवशी लावू नका. फोड त्याच दिवशी दिसतो, काळा डाग मात्र दोन ते चार आठवड्यांनी वर येतो. घाईत पुढचं सेशन करणाऱ्याची फसगत इथंच होते.

आपल्या भागाचा खरा आजार बघायचा तर गाजरगवत बघा. हे गवत १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि बघता बघता बांधावर, पडीत, रस्त्याकडेला पसरलं. त्याची ॲलर्जी हवेतून होते. पापण्या, मानेच्या घड्या, कोपराच्या खाचा जाड होतात, चेहरा काळवंडतो. पेशंट ‘ऊन लागलं’ म्हणतो. डॉक्टरही वांग समजून मलम देतो. वर्षानुवर्षं असं चालतं, कारण सावळ्या त्वचेत ही सूज लाल दिसतच नाही, फक्त काळी आणि जाड दिसते.

निदानाला पॅच टेस्ट लागते, म्हणजे ॲलर्जी आणणारे पदार्थ चकत्यांवर घेऊन पाठीवर चिकटवून बघायचे. भारतासाठीचा अशा पदार्थांचा ठरावीक संच कॉन्टॅक्ट अँड ऑक्युपेशनल डर्मेटोसेस फोरम ऑफ इंडिया या मंडळानं मान्य केलाय आणि त्यात गाजरगवत आहे. बाहेरचा संच मागवणाऱ्याला ते बहुधा सापडणार नाही. चकत्या पाठीच्या वरच्या भागावर लावायच्या, ४८ तासांनी काढायच्या, काढल्यावर अर्धा-पाऊण तास थांबून पहिलं वाचन, ९६ तासांनी दुसरं. सावळ्या पाठीवर ‘लाली दिसत नाही’ म्हणून निगेटिव्ह लिहायचं नाही. खिडकीकडं पाठ तिरकी करायची, डोळे क्षणभर मिटून बोट फिरवायचं. पुरळ किंवा घट्टपणा हाताला लागला तर पॉझिटिव्ह. जागा खुणावलेली शाई घामानं पुसते. मे महिन्यात तर पुसतेच, म्हणून शक्य असेल तर पॅच टेस्ट थंडीत घ्या, आणि पेशंटला या काळात आंघोळ, जड काम नको हे नीट सांगा. जुनाट गाजरगवत-त्वचादाहावर अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध कसं वापरावं, याचा अभ्यास भारतातल्याच विभागांनी केलाय. अशा कामाची चर्चा ज्या बैठकांत होते, तिथं तुम्ही असायला हवं.

टिकलीचंही तेच. टिकलीच्या डिंकातल्या पॅरा-टर्शरी-ब्यूटिल-फिनॉलमुळे कपाळावर गोल पांढरा डाग पडतो. कोड समजून घाबरलेली बाई आणि टिकली बदलली तर डाग वाढायचा थांबू शकतो हे माहीत असलेला डॉक्टर यांची गाठ पडणं, हा माझ्या मते सोसायटीच्या कामाचा खरा हिशोब आहे.

स्टेरॉइडच्या मलमांची गोष्ट वेगळ्या जातीची आहे. गोरं होण्यासाठी, गजकर्णासाठी, मुरुमासाठी, सगळ्याला एकच ट्यूब. चेहऱ्याची त्वचा पातळ होते, मलम थांबवलं की भडका उडतो, बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. एकट्या डॉक्टरनं पेशंटला कितीही समजावलं तरी दुकानात ती मिळणारच. इंडियन असोसिएशन ऑफ डर्मेटॉलॉजिस्ट्स, व्हेनेरिऑलॉजिस्ट्स अँड लेप्रॉलॉजिस्ट्स, म्हणजे आपली आयएडीव्हीएल, १९७३ साली दोन जुन्या संघटना एकत्र येऊन झाली. तिनं या गैरवापराविरुद्ध इटात्सा हे टास्क फोर्स उभं केलं आणि सरकारकडे पाठपुरावा लावून धरला. २०१८मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइड मलमांची शेड्यूल एचमधली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीतली, सूट काढली. दुकानात अजून ती मिळतात, हे सगळ्यांना दिसतं. पण नियम आता बाजूनं आहे, आणि तो संघटनेनं मागितला म्हणून आलाय. चिवट गजकर्णावर त्याच संघटनेचं इटार्ट हे टास्क फोर्स आहे. टर्बिनाफिन या बुरशीविरोधी औषधाला दाद न देणारी जी बुरशी आपल्याकडे पसरलीये, तिला २०२०मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनीई हे नाव मिळालं. डोस आणि मुदत ठरवताना या गटाची सहमती हाताशी असली की अंदाजानं औषध बदलत बसावं लागत नाही.

बाहेरची स्किन ऑफ कलर सोसायटी २००४मध्ये अमेरिकेत डॉ. सुझन टेलर यांनी स्थापन केली. तिचं वार्षिक वैज्ञानिक सत्र अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीच्या वार्षिक अधिवेशनाच्या वेळी, त्याच्या आदल्या दिवशी भरतं. संशोधनासाठी पुरस्कार आणि तरुणांना मार्गदर्शक मिळवून देणं ही तिची मुख्य कामं. यांतलं मार्गदर्शक मिळणं मला सर्वांत मोलाचं वाटतं. पण तो आपोआप मिळत नाही. ‘सर, मला मार्गदर्शन करा’ एवढ्या ई-मेलला कोणी उत्तर देत नाही. दोन ओळींत प्रश्न, एका पानात तुमच्याकडची सामग्री आणि त्यांच्याकडून नेमकं काय हवंय, एवढं पाठवा. उदाहरणार्थ : ‘चेहरा-मानेवरच्या राखाडी-तपकिरी काळसरपणाचे, लायकेन प्लॅनस पिगमेंटोससचे, अमुक इतके पेशंट आहेत, बायोप्सी झाल्यात, डर्मोस्कोपीचे फोटो आहेत, मांडणीत मदत हवीय.’ असे पेशंट आपल्याकडे भरपूर आहेत. परदेशातल्या तज्ज्ञाला ते हवेच असतात.

म्हणजे सोसायटीकडून घेण्याइतकंच तिला देण्यासारखंही आपल्याकडे आहे, आणि ते देताना आपण फोटोत मार खातो. सावळी त्वचा चौकटभर घेतली की मोबाइलला वाटतं अंधार आहे. तो उजेड वाढवतो, त्वचा उजळ येते, जांभळट छटा उडून जाते. पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं की उलट होतं, भिंतीमुळे त्वचा जास्तच काळी येते. म्हणून मागं ऑपरेशन थिएटरचं निळं किंवा हिरवं कापड लावा, ते सगळ्या दवाखान्यांत असतं. ब्यूटी मोड बंद करा. फ्लॅश नको, तेलकट त्वचेवर त्याची चकाकी डाग झाकते. खिडकीचा तिरका उजेड घ्या, एक्स्पोजर थोडं खाली ओढा. तीन फोटो पुरतात : पूर्ण भाग, मधला, आणि मोजपट्टी ठेवून जवळचा. पुढच्या भेटीत तीच जागा, तेच अंतर, तोच वेळ.

संमती लेखी, मराठीत आणि उपचाराच्या संमतीपासून वेगळी घ्या. फोटो छापला जाईल, हे त्यात स्पष्ट असू द्या. डोळ्यांवर काळी पट्टी मारून ओळख लपत नाही. आपल्याकडच्या वयस्कर बायकांच्या हातावर गोंदण असतं, कधी नवऱ्याचं नाव, कधी गावाचं. ते चौकटीबाहेर ठेवा. पेशंटचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटात टाकणं सर्रास चालतं, ते थांबवा. केस जास्त झाल्या आणि अभ्यास म्हणून लिहायच्या असतील तर एथिक्स कमिटी लागते. खासगी क्लिनिकला ती नसते, म्हणून जवळच्या मेडिकल कॉलेजातल्या विभागाला आधीच सोबत घ्या. सगळं लिहून झाल्यावर मान्यता मागितली तर मिळत नाही, आणि दोन वर्षांचं काम कपाटात पडतं.

फसवणुकीबद्दल एक इशारा. ‘इंटरनॅशनल फेलोशिप’ दोन दिवसांत देणाऱ्या, फक्त फी आणि पासपोर्ट फोटो मागणाऱ्या संस्था भरपूर आहेत. पैसे भरण्याआधी चार गोष्टी तपासा. संस्था नोंदणीकृत आहे का. पदाधिकारी निवडणुकीनं येतात का. वार्षिक हिशोब सभासदांना दाखवतात का. नियतकालिक असेल तर ते कुठल्या सूचीत आहे. चारपैकी दोन उत्तरं मिळाली नाहीत तर भिंतीवरच्या प्रमाणपत्रापलीकडं काही हाती लागणार नाही. एखाद्या कंपनीच्या पैशांवर चालणारं सत्र वाईटच असतं असं नाही, पण त्या सत्रातल्या क्रीमची शिफारस दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर उतरवू नका.

व्यवहाराचं थोडं. महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलकडच्या डॉक्टरकीच्या नोंदणीचं नूतनीकरण करायला ५ वर्षांत शिक्षण-कार्यक्रमांचे ३० क्रेडिट लागतात. परदेशी वेबिनारचे ते आपोआप धरले जात नाहीत. काउन्सिलची मान्यता आहे का, ते नाव नोंदवतानाच विचारा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सात म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. पहाटे उठणं जमत नसेल तर रेकॉर्डिंग सभासदांना मिळतं का, ते बघूनच फी भरा. आंतरराष्ट्रीय फी भरायला कार्डावर परदेशी व्यवहाराची परवानगी सुरू लागते, ती नसली की शेवटच्या तारखेला व्यवहार अडकतो.

क्रम विचाराल तर आधी आयएडीव्हीएल. विद्यार्थीदशेतच अर्ज करता येतो. मग तिथल्याच रंगद्रव्यविकार, डर्मोस्कोपी, कुष्ठरोग यांच्या विशेष गटांपैकी एकच निवडा. कुष्ठरोगाचा गट मराठवाड्यातल्यांनी सोडू नये असं मला वाटतं. बहुजीवाणू कुष्ठरोगाच्या उपचारात मोठ्या माणसाला क्लोफाझिमिन महिन्यातून एकदा ३०० मिलिग्रॅम आणि रोज ५० मिलिग्रॅम असतं. त्यानं त्वचा तांबूस-काळी पडते, गावात लोक विचारायला लागतात आणि पेशंट गोळ्या बंद करतो. हा रंग औषध संपल्यावर काही महिन्यांत, कधी वर्षभरानं, ओसरतो, हे पहिल्याच दिवशी सांगायचं असतं, घरच्यांसमोर सांगायचं असतं. बाहेरच्या सोसायटीचा अर्ज त्यानंतर, हातात किमान दहा पेशंटचे नीट घेतलेले, संमतीसह फोटो तयार झाल्यावर.