‘बसायला आवडेल का?’ ‘नाही’

इंग्लंडमधल्या लेस्टरला आले त्या वर्षी मी रोज फसायचे. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना शेजारीण "ऑल राइट?" म्हणायची आणि मी थांबून गुडघा कसा दुखतोय ते सांगायला लागायचे. तोवर ती दारापर्यंत पोचलेली. तो प्रश्न नसतोच, हे कळेपर्यंत हिवाळा सरला.

म्हणूनच बहुधा बाळूचं मला लवकर कळलं. (हे नाव मीच ठेवलंय.) इथल्या एका प्राथमिक शाळेत मी टीचिंग असिस्टंट आहे. बाळू सहा वर्षांचा, स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक. बाई त्याला अगदी गोड आवाजात विचारायच्या, "वुड यू लाइक टू सिट डाउन?" बाळू म्हणायचा, "नो, थँक यू." आणि उभाच! पोरं खिदळायची, बाईंना तो उद्धट वाटायचा. अहो, विचारलंत म्हणून त्यानं सांगितलं, तेही थँक यू म्हणून. मी एकदा आपल्या सरळ वळणानं म्हटलं, "सिट डाउन, प्लीज." बसला.

मग मीही चुकलेच. "बोलतेय ना मी, बघ माझ्याकडे," हे आपल्या शाळेतलं वाक्य माझ्या तोंडात पक्कं बसलेलं. त्यानं बघितलं, आणि मी काय सांगितलं त्यातलं अक्षरही त्याला आठवेना. डोळ्यांत बघायचं की ऐकायचं, त्याला दोन्ही एका वेळी जमत नाही. आता तो खिडकीकडे बघत ऐकतो, सगळं ऐकतो. शिवाय एक सूचना दिली की मी गप्प बसते, मनात दहापर्यंत मोजते. पूर्वी तिसऱ्या सेकंदाला तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगायचे, म्हणजे त्याच्या डोक्यात पहिलं वाक्य उलगडत असतानाच वर दुसरं टाकायचे.

‘स्वमग्न’ हा शब्द मला आताशा खटकतो. स्वतःत बुडालेला? या मुलाला तर बाहेरचं जग जरा जास्तच ऐकू येतं. तो शाळेत संडासला जायचाच नाही, दुपारी चड्डी ओली. आठवडाभर हट्टीपणा, लाड, आईची शिस्त अशी सगळी चर्चा झाली. शेवटी मी त्याच्याबरोबर दारापर्यंत गेले. आतून कुणीतरी हात वाळवायचं यंत्र सुरू केलं आणि त्यानं दोन्ही कान गच्च दाबून भिंतीला पाठ लावली. आम्ही यंत्र बंद करून कागदी रुमाल ठेवले. चड्डीचा प्रश्न संपला.

डेमियन मिल्टन हे इथले अभ्यासक स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ मध्ये त्यांनी मांडलं, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं: त्याला आपण कळत नाही, तसा आपल्यालाही तो कळत नाही. मग शिकवणी एकट्या मुलालाच का?

परवा सांगलीच्या वहिनींशी फोनवर बोलत होते. त्या महानगरपालिकेच्या शाळेत शिकवतात, वर्गात पंचावन्न पोरं. इथे २०१४ च्या कायद्यानुसार अशा मुलांसाठी मदतीचा वेगळा आराखडा होऊ शकतो, त्यातून माझ्यासारखीचे तास मिळतात (पालक त्यासाठी किती खेटे घालतात ते पुन्हा कधीतरी). वहिनी म्हणाल्या, "तुमचं बरंय गं. आमच्याकडे २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यात स्वमग्नता आहे, पण वर्गात मी एकटीच."

मी यंत्राची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

"आमच्यात एक आहे," मग म्हणाल्या, "प्रार्थनेला रोज पळतो. म्हणून मी त्याला पुढे, माझ्या डोळ्यांसमोर उभा करते."

"आणि स्पीकर कुठे असतो, वहिनी?"

"त्याच्या डोक्यावरच की गं."

सोमवारी त्यांचा मेसेज आला: ‘शेवटच्या रांगेत, वडाखाली उभा केला. पळाला नाही. राष्ट्रगीत पूर्ण म्हणाला.’