सेझानचा मामा

आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये फ्रेंच चित्रकार पॉल सेझानच्या मामासमोर कितीतरी वेळ उभी होते. दोमिनिक ओबेर, आईचा भाऊ, पेशाने बेलिफ. १८६६ साली २७ वर्षांच्या भाच्याने त्याला पांढरा झगा चढवून साधू म्हणून बसवलं. रंग ब्रशने नव्हे, पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवायच्या बोथट सुरीने थापलाय; जवळून बघितलं तर अक्षरशः गिलावा! आणि त्या जाड थरांतून चेहरा किती जिवंत उमटलाय. याच मामाला त्याने कधी फेट्यात रंगवलं, कधी सुती टोपीत, कधी वकिलाच्या वेशात.

मला माझा मामा आठवला. माझ्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या सरावासाठी ओसरीवर तासभर न हलता बसायचा, डोक्यावर आजोबांचा फेटा. बाहेर पडल्या पडल्या त्याला फोन लावला.